रुपयाभार चांदी आणि एक ठिपका

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कळवण तालुक्यातल्या कितीतरी घरांत जुने रुपये पेटीतून ताम्हनात येतात. दोन-तीन राणीछाप, चार-पाच राजाछाप, क्वचित एखादा जाडजूड, वेडावाकडा, फारसी अक्षरांचा. आधी चिंचेच्या कोळाने किंवा राखेने ते लख्ख घासायचे, मग दुधापाण्याने धुवायचे, हळदीकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळून परत पेटीत ठेवायचे. पन्नास-साठ दिवाळ्या अशा गेल्या की राणीच्या कानाजवळची केसांची वळणं सपाट होतात, अंगरख्यावरचं भरतकाम पुसट होतं. घरच्यांना रुपया उजळलेला दिसतो. नाणेबाजारात मात्र दर दिवाळीला त्याचा भाव थोडा खाली आलेला असतो.

जुनं नाणं हाती आलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, किती जुनं आहे? किमतीच्या दृष्टीने हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची कितीतरी नाणी आजही थोडक्या पैशांत मिळतात, कारण ती घड्याघड्यांनी सापडली आहेत. उलट १९३९ सालचा पंचम जॉर्जच्या मुलाचा, म्हणजे सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ गणला जातो. त्याच्या आदल्या वर्षीचा, १९३८ चा, सहज मिळतो. दोन्हींवर राजा तोच, चांदी तीच, वजनही तेच. मग फरक कशाने पडतो? किती नाणी पाडली, त्यांतली किती वितळली, उरलेल्यांपैकी किती धड वाचता येतात आणि ती कुठल्या टाकसाळीतून निघाली, या चार गोष्टींनी. त्यातल्या शेवटच्या दोन हातात भिंग घेऊन कुणालाही तपासता येतात. या प्रस्तावनेचा भर त्यांच्यावरच आहे.

कळवणच्या माणसाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेला, गिरणेच्या वरच्या खोऱ्यात वसलेला हा तालुका दोन जुन्या टाकसाळींच्या मधोमध आहे. उत्तरेला बागलाणात मुल्हेर, आग्नेयेला डोंगर ओलांडला की चांदवड. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे आणि दख्खनेकडे जाणारा पैसा याच टापूतून फिरला. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परतत होते, तेव्हा मोगलांनी त्यांना अडवलं ते इथूनच जवळ, वणी-दिंडोरीच्या बाजूला, कांचन-मंचनच्या घाटाजवळ. पुढे १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी राघोबादादांना धोडपला नमवलं. ज्या मुलखातून एवढ्या फौजा गेल्या आणि एवढा व्यापार चालला, तिथे नांगराच्या फाळाला नाणं लागलं तर नवल नाही.

मुल्हेरचं नाणं म्हणजे महमुदी. मूळची ही गुजरातच्या सुलतानांची चांदीची लहान नाणी. बागलाणच्या राठोड राजांनी त्यांची आपली आवृत्ती काढली आणि तीवर अकबराचं नाव घातलं. साधारण पाच महमुदी म्हणजे दोन रुपये असा हिशेब होता. सुरतेच्या बाजारात ती इतकी मुरली होती की युरोपी व्यापाऱ्यांच्या लिखाणात तिचा उल्लेख वारंवार येतो. एस. एच. होडीवाला यांनी मोगल नाणेशास्त्रावरच्या आपल्या अभ्यासात या महमुदींचा छडा लावला. तोवर अकबराचं नाव वाचून ती नाणी सरसकट मोगलांच्या खाती जमा होत. ज्याच्या नावाने नाणं पडतं त्यानेच ते पाडलेलं असतं असं नाही, हा या विषयातला पहिला धडा बागलाणनेच घालून दिला. १६३८ च्या सुमारास मोगलांनी बागलाण घेतलं. पुढे मुल्हेरच्या टाकसाळीचं नाव नाण्यांवर औरंगनगर असं येऊ लागलं.

चांदवडची गोष्ट याहून मजेची आहे. होळकरांच्या या टाकसाळीतला रुपया चांदोरी म्हणून ओळखला जाई. घरोघरी पेटीत सापडणारा तो जाडजूड फारसी रुपया बहुधा अशाच एखाद्या मराठी टाकसाळीचा असतो. पण अक्षरं बघून लोक त्याला बेधडक ‘मोगलाई’ ठरवतात. यात त्यांचा दोष नाही. एका बाजूला बादशहा शाहआलमचं नाव, दुसऱ्या बाजूला राज्यारोहणापासूनचं वर्ष सांगणारं ठरावीक फारसी वाक्य आणि तळाशी ‘जर्ब’ म्हणजे ‘येथे पाडलं’ या शब्दाबरोबर टाकसाळीचं नाव. चांदोरी रुपयावर ते नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असं येतं. म्हणजे टाकसाळ होळकरांची, नाव दिल्लीच्या बादशहाचं, गावाचं नाव मुसलमानी आणि सोबत ‘उर्फ’ लावून आपलं. अठराव्या शतकातल्या मराठी राज्यकारभाराची सगळी गुंतागुंत त्या सव्वाअकरा-साडेअकरा ग्रॅम चांदीत बसली आहे.

अडचण एकच. हे नाव बहुतेक नाण्यांवर पुरतं उमटलेलंच नसतं.

हातोड्याने पाडलेल्या रुपयांत ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असे. ठशावरचा सगळा मजकूर चकतीवर मावणं शक्यच नव्हतं. घाव जिकडे बसेल तिकडचा भाग यायचा, बाकीचा हवेत राहायचा. कुठल्या रुपयावर ‘चांदोर’मधली दोनच अक्षरं येतात, कुठल्यावर एकही नाही. त्यामुळे एकाच ठशाचे, एकाच दिवशी पाडलेले दोन रुपये आज वेगवेगळ्या किमतीला जातात. ज्यावर टाकसाळीचं नाव आणि वर्ष दोन्ही पूर्ण आलं आहे तो संग्राहकाचा, दुसरा चांदीच्या भावाचा. म्हणूनच जाणकार नाव सापडलं नाही की चिन्हं शोधतात. पुण्याकडच्या रुपयावर अंकुश असे, म्हणून तो अंकुशी. इतर टाकसाळींनी फूल, चंद्रकोर, ठिपक्यांचा पुंजका, त्रिशूळ अशा खुणा वापरल्या. नाव कापलं गेलं तरी खूण बहुधा मधल्या भागात राहते आणि रुपयाला गाव मिळतं. नाण्याची हालत आणि टाकसाळीची खूण हे पुस्तकांत दोन स्वतंत्र प्रकरणांत मांडतात, ते शिकवायला सोयीचं आहे. पण मराठी रुपयांपुरतं बोलायचं तर हालत म्हणजे टाकसाळ वाचता येते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

मराठी टाकसाळींच्या या जंगलातून वाट काढणारं पुस्तक नाशिक जिल्ह्यातच तयार झालं. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला १९८० मध्ये भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था उभी राहिली. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी ही तिच्यामागची मुख्य नावं. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टाकसाळी व नाण्यांवरचा इंग्रजी ग्रंथ संस्थेने १९८९ मध्ये काढला. लिलावांच्या याद्यांत मराठी रुपयाखाली आजही त्या ग्रंथाचा क्रमांक छापतात. नाशिककरांना त्र्यंबकेश्वर माहीत असतं, अंजनेरीचा किल्लाही माहीत असतो. ही संस्था मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

टाकसाळ बघून रुपयाची किंमत ठरवण्याची रीत काही आजच्या हौशी लोकांनी काढलेली नाही. पेशवाईत बाजारात एकाच वेळी अनेक टाकसाळींचे रुपये चालत. सारा भरताना, सावकाराचं देणं फेडताना कुठला रुपया दिला हे बघितलं जाई आणि त्याप्रमाणे बट्टा कापला जाई. रुपया कुठल्या टाकसाळीचा, किती जुना, किती झिजलेला, चांदीत हीण किती, हे सगळं सराफ बोटाने, कानाने आणि कसोटीने ठरवी. शंका आली तर रुपयावर बारीक छिन्नी किंवा ठसा मारून आतली चांदी बघे. ते वार आजही जुन्या रुपयांवर दिसतात. त्या काळी अशी खूण म्हणजे रुपया तपासून झाल्याची ग्वाही होती. आजचा लिलाववाला तीच खूण दोषाच्या रकान्यात लिहितो आणि किंमत उतरवतो. दोघांचंही बरोबर आहे. एकाला चांदी विकत घ्यायची होती, दुसऱ्याला चेहरा.

इंग्रजांनी १८३५ मध्ये कंपनीच्या मुलखासाठी एकसारखा, यंत्रावर पाडलेला रुपया आणला आणि हा गोंधळ संपवायला घेतला. हाच कलदार. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा; त्यात चांदी ९१.७ टक्के. रुपयाभार हे माप त्यावरूनच घट्ट झालं. सराफाकडे झिजलेला राणीछाप मोडीत दिला तर हिशेब होतो तो या सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदीचा. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. घरातले ‘चांदीचे रुपये’ मोजताना ही वर्षं आधी बघावीत, म्हणजे सराफाच्या दुकानात चेहरा पडत नाही.

कलदारवर मजकूर पूर्ण येत होता, त्यामुळे टाकसाळीची खूण बारीक झाली. सातव्या एडवर्डच्या आणि पंचम जॉर्जच्या रुपयांवर मुंबई आणि कलकत्ता या दोन टाकसाळींत फरक करायचा तर भिंग लागतं. एडवर्डच्या मुंबईच्या रुपयाच्या मागच्या बाजूला, तळाच्या फुलाच्या टोकाशी एक इवलंसं ‘बी’ अक्षर खोदलेलं सापडतं. पंचम जॉर्जच्या वेळी त्या अक्षराची जागा एका उठावदार ठिपक्याने घेतली. कलकत्त्याने आपल्या रुपयावर खूण केलीच नाही; खूण नाही हीच तिची खूण. दुसऱ्या महायुद्धात नाण्यांची टंचाई झाली तेव्हा १९४३ मध्ये लाहोरला टाकसाळ सुरू झाली आणि तिने ‘एल’ अक्षर वापरलं. त्याच काळातला मधे भोक असलेला पैसा अजून पुष्कळ घरांत आहे. ते भोक नक्षीचाच भाग आहे, धातू वाचवायला पाडलेलं. त्याने किंमत कमी होत नाही. रुपयाला माळेत ओवण्यासाठी पाडलेल्या भोकाची गोष्ट मात्र वेगळी, ती पुढे येईलच.

ठिपक्यांचा सर्वांत विलक्षण खेळ १८६२ च्या राणीछाप रुपयावर आहे. त्या वर्षी व्हिक्टोरियाचा नवा रुपया निघाला आणि पुढे १८७४ पर्यंत दरवर्षी पाडूनही त्यावरचं साल १८६२ च राहिलं. मुंबईच्या टाकसाळीने आपल्यापुरतं वर्ष ओळखता यावं म्हणून ठशावर बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली. मागच्या बाजूला सालाच्या आसपास किती ठिपके आणि कुठे, यावरून आज अभ्यासक तो रुपया नेमका कुठल्या वर्षीचा ते सांगतात. घरात १८६२ चे चार रुपये असतील तर ते चार वेगवेगळ्या वर्षांचे असू शकतात. ठिपक्यांची एखादी जोडी सहज मिळते, दुसरी हुडकूनही सापडत नाही. आणि चिंच-राखेचा हात सगळ्यात आधी फिरतो तो असल्या ठिपक्यांवरून. घासलेल्या रुपयात हा सगळा इतिहास एका सपाट चकाकीखाली जातो.

हालत कशी पाहावी याची एक जुनी आणि सोपी पद्धत आहे. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग शोधायचा, कारण झीज तिथून सुरू होते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर तो कानाजवळचे केस आणि गालाचा उंचवटा. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुटातले मणी आणि अंगरख्यावरच्या साखळीतला छोटा हत्ती. हत्तीचे पाय, सोंड, पाठीवरची झूल वेगवेगळी दिसली तर रुपया उत्तम. नुसता हत्तीसारखा एक डाग दिसला तर सामान्य. याच हत्तीने १९११ मध्ये सरकारला तोंडघशी पाडलं. पहिल्या ठशात सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांच्या नाराजीची भीती उभी राहिली, पाडलेल्या रुपयांपैकी बहुतेक माघारी घेऊन वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त झाला. म्हणून १९११ चा ‘डुक्कर रुपया’ महाग. पण त्याच्यावरचा तो हत्तीच झिजलेला असला तर किमतीचं निम्मं कारण पुसलं गेलं असं समजावं.

बाजारात हालतीची नावं इंग्रजी आद्याक्षरांत चालतात. ‘व्हीएफ’ म्हणजे बरीच चांगली, ‘एक्सएफ’ म्हणजे किंचितच झिजलेली, ‘यूएनसी’ म्हणजे चलनात न गेलेली, कोरी. अमेरिकेत १९४९ मध्ये विल्यम शेल्डनने एक ते सत्तर असा आकड्यांचा क्रम सुचवला. आता परदेशी कंपन्या नाण्याला गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद करून पाठवतात आणि मुंबईच्या लिलावात अशा डब्यांना वरचढ बोली लागते. सत्तर गुणांच्या या पद्धतीत हातोड्याच्या चांदोरी रुपयाला न्याय मिळतो असं म्हणवत नाही. यंत्राच्या नाण्यासाठी बनवलेली फूटपट्टी आहे ती.

घासलेल्या नाण्याला मात्र कुठल्याच पद्धतीत क्षमा नाही. चांदीवर हवेतल्या गंधकाने काळसर, कधी निळसर-सोनेरी थर चढतो. तो नाण्याचं आतलं अंग सांभाळतो. तांब्यावरचा तपकिरी थरही तसाच. लिंबू, चिंच, राख, भांड्यांची पावडर यांनी थर जातो आणि त्याबरोबर पृष्ठभागाची मूळची झळाळी कायमची जाते. घासलेला चकचकीतपणा सर्व बाजूंनी सारखाच दिसतो. कोऱ्या नाण्याची चमक उजेडात फिरवली की चाकाच्या आऱ्यांसारखी गोल सरकते. जाणकार एवढ्यावरच ठरवतो. तांब्याच्या शिवराईवर हिरवी पावडर सुटू लागली असेल तर तो चरत जाणारा गंज आहे, त्याचं निदान करून घ्यावं. बाकी हिरवट-तपकिरी, घट्ट बसलेला रंग जसा आहे तसा राहू द्यावा.

कळवण, सुरगाणा, दिंडोरीच्या आदिवासी पट्ट्यात रुपयाचं दुसरं आयुष्य दागिन्यात गेलं. रुपयाला भोक पाडलं किंवा कडी डाखली आणि माळेत ओवला. संग्राहकाच्या यादीत असा रुपया ‘खराब’ ठरतो. तरीही माळ मोडून, कड्या कापून, डाखाच्या जागा घासून ते रुपये सुटे विकण्याइतका करंटेपणा दुसरा नाही. सुटा रुपया चांदीच्या भावाने जातो. अख्खी जुनी माळ मात्र वस्तुसंग्रहालयालाही हवी असते.

झालेल्या घावानेच नाणं मोलाचं होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरणही याच जिल्ह्यातलं. १९०६ मध्ये गोदाकाठच्या जोगलटेंभीला क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या १३,२५० हून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूच्या बाण-वज्रावर उज्जैनी चिन्ह. नहपानाला हरवल्यावर त्याचा पैसा वितळवायची तसदी न घेता गौतमीपुत्राने तो आपल्या नावाने चालवला. तोवर नहपान आणि गौतमीपुत्र यांचा काळ कसा जुळवायचा यावर वाद चाले. या नाण्यांनी एकाने दुसऱ्याचा पाडाव केला याचा धातूतला पुरावा दिला. पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिल्याची आणि एका सुवर्णाला ३५ कार्षापण या दराची नोंद आहे. लेखातला पैसा आणि जोगलटेंभीच्या घड्यातला पैसा एकाच मुलखातला. या पुनर्मुद्रित नाण्यांत संग्राहक शोधतो ते असं, की खालचा चेहरा आणि वरचा डोंगर दोन्ही ओळखू यावेत. नुसता चेहरा असलेलं स्वच्छ नाणं त्यापुढे फिकं पडतं.

आजच्या खिशातल्या नाण्यावरही टाकसाळ आहे. सालाच्या खाली चौकटचं चिन्ह म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. १९८५ मध्ये टंचाईमुळे रुपये ब्रिटनमधून पाडून घेतले. त्यांतल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीच्या रुपयावर ‘एच’ आहे. हौशी मुलांनी सुट्ट्या पैशांत ते शोधायला हरकत नाही. वैष्णोदेवीच्या चित्राचं नाणं लाखाला जातं, अशा जाहिरातींना मात्र हसून सोडून द्यावं. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी फी मागणाऱ्यांपासून सावध राहायला बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं होतं. जी नाणी टाकसाळीने कोट्यवधींनी काढली, ती कोरी असली तरी दर्शनी किमतीच्या फार वर जात नाहीत.

आणि जमिनीत सापडलेल्याचं काय? १८७८ चा गुप्तनिधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं असतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हा १९७२ चा कायदा. चणकापूरच्या लाभक्षेत्रात विहीर खणताना मडकं लागलं तर त्यातली नाणी वाटून, घासून, वेगवेगळ्या सराफांकडे नेल्याने होणारं नुकसान पैशापुरतं नसतं. कुठल्या गावच्या कुठल्या शेतात, किती खोल, कशाबरोबर सापडली, ही माहिती एकदा गेली की महमुदी मुल्हेरची असली तरी ती कुठल्या वाटेने फिरली हे कधीच कळत नाही.

पुढची प्रकरणं चांदोरी रुपयापासून सुरू होतात. पहिल्याच पानावर एकाच ठशाच्या तीन रुपयांची मोठी चित्रं आहेत. एकावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ पूर्ण, दुसऱ्यावर अर्धं, तिसऱ्यावर सराफाचे चार वार आणि नावाचा पत्ता नाही. वाचकाने तिसऱ्यावरची खूण आधी स्वतः शोधावी. उत्तर मागच्या पानावर दिलं आहे.